शेवटच्या पोरापर्यंत दुर्बीण

साताऱ्यातल्या आमच्या मंडळाचं वार्षिक आकाशदर्शन संक्रांतीच्या आगेमागे येणाऱ्या अमावास्येजवळच्या शनिवारी व्हायचं. नेमकी अमावास्याच हवी असा हट्ट नसे. उलट द्वितीया-तृतीया असली तर फार बरं वाटायचं. सूर्य मावळला की पश्चिमेला कोर हजर, पोरांना तिच्यावरचे खड्डे दाखवून होतात आणि नवाच्या आत ती मावळून आकाश मोकळं करते. चतुर्थीच्या पुढे गेलं की मात्र अर्धी रात्र चांदण्यात वाया जाते, मग शनिवार एक आठवडा अलीकडे ओढायचा.

जागा ठरलेली. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागलं की एका गावातल्या शाळेचं पटांगण. कासचं पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे, तिथे रात्री तंबू-तिवया घेऊन जायचा प्रश्नच नव्हता आणि तशी गरजही नव्हती. या पटांगणाला खाली अखंड जांभा आहे. मऊ मातीत दुर्बिणीचा एक पाय हळूहळू रुततो आणि तासाभरात सगळं कलतं, कातळावर ते होत नाही. पूर्वेला मात्र खाली सातारा शहराचा उजेड आहे. हात लांब करून मूठ धरली तर क्षितिजापासून दोन-तीन मुठी वरपर्यंत आकाश पांढुरकं दिसतं. म्हणून उगवणारं काहीही तिथे लगेच दाखवायचं नाही, ते वर येईपर्यंत थांबायचं. बामणोलीच्या बाजूला काळोख चांगला, त्यामुळे मोठी दुर्बीण शाळेच्या इमारतीच्या पश्चिमेला लागायची. भिंतीच्या आडोशाने शहराचा उजेडही अडतो आणि वाराही. आणखी एक फायदा उंचीचा. जानेवारीत खाली कृष्णाकाठी ऊसतोड जोरात असते, पाचट पेटतं, त्याचा धूर रात्री खोऱ्यातच थर धरून बसतो. वर पठारावर आकाश धुतल्यासारखं असतं. फेब्रुवारीच्या शेवटी डोंगराला वणवे लागायला सुरुवात झाली की हे सुख संपलं.

दुपारी तीनला टेम्पो पोचायचा. दोन सहा इंची न्यूटोनियन (म्हणजे भिंगाऐवजी सहा इंच रुंद आरशाच्या दुर्बिणी), एक आठ इंची, एक ८० मिलिमीटरची भिंगाची दुर्बीण आणि १० बाय ५० च्या दोन-तीन द्विनेत्री. सहा इंचीचे आरसे हाताने घासलेले. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा होत असत, तिथलं शिक्षण साताऱ्यापर्यंत पोचलेलं होतं. नळी म्हणून पीव्हीसी पाइप, बैठक १९ मिलिमीटर प्लायवूडची, आणि फिरण्याच्या जागी सनमायकावर टेफ्लॉनचे तीन तुकडे. हे तीन तुकडे बरोबर बैठकीच्या तीन पायांच्या वर बसवावे लागतात. मध्येच कुठे बसवले तर पाटा दबतो आणि ढकलताना दुर्बीण आधी अडते, मग एकदम उडी मारते. पावसाळ्यात तिकडचं प्लायवूड फुगतं, तेव्हा दिवाळीनंतर एकदा सगळे स्क्रू सैल करून पुन्हा आवळायचे हा रिवाज होता.

दुपारच्या उन्हात आरसा घासण्याचं प्रात्यक्षिक चालायचं, आणि खरं सांगायचं तर मेळाव्याचा हा भाग सगळ्यांत मोलाचा होता. पाणी भरून जड केलेलं लोखंडी पिंप, त्यावर घट्ट बसवलेली एक काच, वर दुसरी काच, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी. पोरं पिंपाभोवती फिरत वरची काच पुढेमागे ढकलायची. व्यासाच्या साधारण एक तृतीयांश एवढाच झोका, दर काही झोक्यांनंतर एक पाऊल बाजूला, आणि वरची काच हातात थोडी फिरवायची. वरच्या काचेचा मध्य आणि खालच्या काचेची कड जास्त झिजते, म्हणून वरची खोलगट होते आणि खालची फुगीर. १५० मिलिमीटर व्यासाच्या आणि १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या आरशाला मध्यभागी खोली लागते जेमतेम १.१७ मिलिमीटर. एवढ्याशा खोलगटपणावर सगळी दुर्बीण उभी असते हे ऐकून पोरं पट्टी लावून बघायची.

पूड ८० नंबरची, मग १२०, २२०, ४००, ६००, नंबर वाढेल तशी बारीक. प्रत्येक नंबर बदलताना पिंप, हात, बादली, फडकं सगळं धुवायचं आणि खालची वर्तमानपत्रं फेकून द्यायची. ८० नंबरचा एक कण जरी ४०० च्या वेळी मध्ये आला तरी काचेवर एवढा खोल ओरखडा उठतो की मागे जाऊन पुन्हा घासावं लागतं. म्हणून प्रात्यक्षिकाला ८० चाच डबा बाहेर काढायचा, बाकीचे गाडीत बंद. डांबराच्या थरावर सिरियम ऑक्साइडने पॉलिश करायचं काम इथे होत नसे. त्याला धूळ चालत नाही आणि तापमान एकसारखं लागतं.

चारला आरशांची जुळवणी. घाटाच्या वळणांनी आणि खड्ड्यांनी आरसे हमखास हललेले असतात. नळी आडवी ठेवायची. उभ्या नळीत स्क्रू किंवा पाना निसटला तर थेट आरशावर. डोळ्याच्या जागी कॅमेऱ्याच्या फिल्मची जुनी डबी, बुडाला मधोमध दोन-तीन मिलिमीटरचं भोक. त्यातून बघितलं की आधी छोटा तिरपा आरसा गोल आणि मध्यभागी दिसला पाहिजे. मग त्यात मोठ्या आरशाला धरणाऱ्या तिन्ही पकडी दिसल्या पाहिजेत. एखादी लपली तर छोट्या आरशाचे तीन स्क्रू अगदी पाव पाव फेरा फिरवायचे. शेवटी मोठ्या आरशाच्या मध्यावर चिकटवलेली गोल चकती बघायची (फाइलच्या भोकांना लावतात तीच, आरशाच्या मध्यावर पडणारा उजेड छोट्या आरशाने तसाही अडलेला असतो, म्हणून तिने काही बिघडत नाही), आणि डबीच्या भोकाचं प्रतिबिंब त्या चकतीच्या आत येईपर्यंत मागचे स्क्रू फिरवायचे. सहा इंचीची नळी सव्वा मीटरची, एकट्याचा हात पोचत नाही. म्हणून एकाचा डोळा डबीला आणि दुसरा मागे पाना घेऊन. ‘‘थोडं अजून. थांब. आता उलट.’’ एवढ्याच शब्दांत पंधरा मिनिटं जायची. सगळं जुळल्यावर कुलूप-स्क्रू आवळताना ते पुन्हा सरकतं, तेव्हा आवळून झाल्यावर परत एकदा बघायलाच हवं. लेझरवाली जुळवणीची नळी दोघांकडे होती, पण ती स्वतःच वाकडी नाही ना हे आधी तपासावं लागतं. धारकात फिरवली आणि ठिपका जागचा हलला की समजायचं. डबीत बिघडण्यासारखं काही नाही.

शोधक, म्हणजे मोठ्या नळीवर बसवलेली नेम धरायची छोटी दुर्बीण, दिवसाउजेडीच जुळवायची. लक्ष्य अजिंक्यताऱ्यावरचा टीव्हीचा मनोरा. किलोमीटरच्या आतलं झाड किंवा खांब घेतला तर दोन नळ्यांमधलं अंतर चूक करतं आणि रात्री तारा सापडत नाही. सूर्य मावळण्याआधी तासभर सगळ्या नळ्या झाकणं काढून सावलीत उघड्या ठेवायच्या. दिवसभर तापलेल्या गाडीतून काढलेला आरसा थंड व्हायला सहा इंचीला चाळीसएक मिनिटं लागतात, आठ इंचीला त्याहून जास्त. तोवर नळीतल्या हवेच्या लाटांनी प्रत्येक तारा उकळल्यासारखा दिसतो आणि लोक दोष भिंगाला देतात. आठ इंचीच्या मागे कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा बसवला होता, त्याने फार फरक पडायचा.

त्या दिवसांत सूर्य साधारण सव्वासहाला मावळतो, पूर्ण अंधार साडेसातला. जेवण त्याआधी उरकायचं: पिठलं, भाकरी, ठेचा आणि शेवटी एकेक कंदी पेढा. मग पटांगणातले दिवे बंद. विजेऱ्यांवर लाल जिलेटिन कागदाच्या तीन घड्या, कारण एका थरातून पांढरा उजेड गळतो. अंधाराला डोळा सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाईलचा पडदा एकदा उजळला की ती सगळी मेहनत गेली. म्हणून मोबाईल शाळेच्या खोलीत एका पिशवीत. नकाशाला फिरता तारकानकाशा पुरतो, पण त्यावरची वेळ स्थानिक असते. सातारा ७४ अंश रेखांशावर, आपली घड्याळं साडेब्याऐंशीवर, म्हणजे चौतीस मिनिटांचा फरक. घड्याळात आठ वाजले असतील तर चकती सात सव्वीसवर लावायची. हे न केल्यास पूर्वेला नकाशातले तारे उगवलेलेच सापडत नाहीत.

आणि मग रांग. गावातली आणि शहरातली मिळून शंभरावर पोरं असायची, २००९ च्या आंतरराष्ट्रीय खगोलवर्षात तर शाळेचं फाटक लावून घ्यावं लागलं. रांगेतल्या शेवटच्या पोरालाही पहिल्याइतकंच नीट दिसलं पाहिजे हा मंडळाचा एकच नियम, बाकी सगळी व्यवस्था त्यासाठी. डॉब्सनच्या बैठकीला, म्हणजे आमच्या त्या प्लायवूडच्या बैठकीला, मोटार नाही, पृथ्वी फिरते तसा तारा सरकत जातो. २५ मिलिमीटरच्या नेत्रिकेने (डोळा लावायच्या भिंगाने) ४८ पट दिसतं आणि मृगातल्या तेजोमेघासारखी वस्तू एका कडेपासून दुसऱ्या कडेला जायला चार मिनिटं घेते. १० मिलिमीटरच्या नेत्रिकेने १२० पट दिसतं, पण तिथे जेमतेम शंभर सेकंद मिळतात. वस्तू आत येते त्या कडेला ठेवून पोराला बोलवायचं. वीस सेकंद एकाला धरले तर १२० पटीला चार-पाच पोरांमागे पुन्हा जुळवणी, ४८ पटीला दहा-बारा पोरांमागे. म्हणून गुरू असेल त्या वर्षी फक्त त्याच्यासाठी १२०, बाकी सगळी रात्र ४८.

पोरं नेत्रिका हाताने धरतात आणि दुर्बीण हलते. शेजारी एक खुर्ची पाठ पुढे करून ठेवायची आणि हात तिच्या पाठीवर. बुटक्या पोरांना पाट. एक डोळा मिटता येत नसेल तर काळ्या कागदाची पट्टी. चष्मा नुसत्या जवळच्या-लांबच्या नंबरचा असेल तर काढून फोकस बदलून द्यायचा, तिरकस नंबर असेल तर राहू द्यायचा. ‘‘सर, काय बी दिसंना,’’ असं म्हणणारं पोर खरं बोलत असतं. बहुतेक वेळा डोळा फार जवळ गेलेला असतो, बोटभर मागे घेतला की चित्र उघडतं. अडचण ‘‘हो, दिसलं’’ म्हणून पुढे सरकणाऱ्यांची. त्यासाठी प्रत्येक वस्तूला एक प्रश्न ठरलेला. चंद्राला, फुगीर कड कुठल्या बाजूला? मृगातल्या तेजोमेघाला, धुक्याच्या मधोमध ठिपके किती? चार सांगितले तर दिसलं. ‘‘लई’’ सांगितलं तर परत रांगेत पुढे.

क्रमही विचारपूर्वक. आधी कोर, मग देवयानी दीर्घिका, कारण ती पश्चिमेकडे उतरत असते. ती दाखवताना तिरकी नजर शिकवायची. थेट बघितलं की धूसर डाग नाहीसा होतो, जरा बाजूला बघितलं की उजळतो, कारण मंद उजेड टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या मध्याबाहेर असतात. कृत्तिका द्विनेत्रीतच सुंदर दिसतात. द्विनेत्री काठीच्या टोकावर टेकवून धरली की हात थरथरत नाही. रोहिणी मात्र साडेनऊच्या सुमारास साताऱ्याच्या अगदी डोक्यावरून जाते, आणि डॉब्सनची बैठक नेमकी डोक्यावरच अडखळते. जरासं बाजूला करायला अख्खी नळी गरागरा फिरवावी लागते. त्यामुळे रोहिणी आणि कृत्तिका घोंगडीवर पाठ टेकून बघायच्या. साडेदहाच्या सुमारास मृग दक्षिणेला सगळ्यांत उंच येतो. गावातल्या म्हाताऱ्या बायका तोवर शाल गुंडाळून आलेल्या असायच्या. त्यांना तिकांडं, म्हणजे मृगातले ओळीतले तीन तारे, दाखवायची गरज नसे, त्याच पोरांना दाखवायच्या. अगस्त्य अकरा-सव्वाअकराला, क्षितिजापासून दोन मुठी वर.

मध्यरात्रीनंतर दव. आधी शोधक धुरकट होतो, मग नेत्रिका, मग छोटा आरसा. नळीच्या तळातला मोठा आरसा शेवटी. दव रुमालाने कधीही पुसायचं नाही, बसलेली धूळ चरे पाडते. योगासनांच्या चटईचा गोल करून नळीच्या तोंडापुढे व्यासाच्या दीडपट लांब पुंगळी लावली की दोन तास तरी उशीर होतो. नेत्रिका खिशात. तरीही धुकं धरलंच तर बॅटरीवरचा केस वाळवायचा पंखा, लांबून आणि कमी वेळ. भिंग तापलं तर पुन्हा दहा मिनिटं तारे नाचतात.

पोरं बाराला झोपायची, आणि सव्वापाचला ज्यांना हाक मारायची त्यांची यादी फळ्यावर. त्या वेळी त्रिशंकू, चार ताऱ्यांचा क्रूस, दक्षिणेला उभा असतो, खालचा तारा जेमतेम नऊ अंशांवर. खाली शहरातून तो धुरात आणि उजेडात बुडालेला असतो, पण पटांगणाच्या दक्षिण कडेवरून चारही तारे स्वच्छ मिळतात. त्याच्या डावीकडे ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ. नुसत्या डोळ्यांना अंधुक तारा, आठ इंचीत मात्र साखरेचा चुरा सांडल्यासारखा. पावणेसहानंतर आकाश उजळायला लागतं, म्हणजे मिळतात तीस मिनिटं. या अर्ध्या तासात रांग लांब नसते, एकेका पोराला पूर्ण मिनिट देता येतं.

सकाळी आवराआवरीची घाई होते आणि नुकसान तेव्हाच होतं. ओल्या नळीवर झाकण लावलं की आत दमट हवा कोंडते आणि भिंगांवर बुरशी धरते. म्हणून दुर्बिणी नऊपर्यंत सावलीत उघड्या, नळीचं तोंड खाली झुकवलेलं. नेत्रिका फडक्यावर ओळीने मांडून मोजायच्या, सुकल्यावर सिलिका जेलच्या पुडीसकट डब्यात. आरशावर धूळ दिसली तरी दरवर्षी धुवायचा नाही. फारच झाली तर घरी नेऊन आधी नळाच्या धारेखाली, मग साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून कापसाच्या नुसत्या वजनाने, आणि शेवटी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी ओतून, उभा करून वाळवायचा. तोवर मोबाईलची पिशवी रिकामी झालेली असायची आणि टेम्पोवाला काका हॉर्न वाजवायला लागलेले असायचे.