अंतरा इंजेक्शन: तारीख, डाग आणि थांबलेली पाळी

दिवस राहू नयेत म्हणून घ्यायचं 'अंतरा' इंजेक्शन सुरू केलेल्या बऱ्याच जणी दुसऱ्या-तिसऱ्या डोसला फिरकत नाहीत. इंजेक्शन फसलेलं नसतं. पाळीचं गणित बिघडणार आहे, हे पहिल्या सुईच्या आधी कुणी नीट बसून सांगितलेलं नसतं, म्हणून बाई घाबरते आणि सोडून देते. त्यामुळे इथे सगळ्यात जास्त पाळीबद्दलच लिहिलं आहे.

औषधाचं नाव मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन अ‍ॅसिटेट, दवाखान्यातल्या भाषेत डीएमपीए. १ मिलीच्या कुपीत १५० मिलिग्रॅम असतं आणि ते दर तीन महिन्यांनी दंडात किंवा कमरेच्या स्नायूत देतात. भारतात १९९३ मध्ये त्याला परवानगी मिळाली, पण सरकारी दवाखान्यांत ते २०१७ पासून 'अंतरा' या नावाने मोफत मिळू लागलं. मधल्या काळात स्त्री संघटनांनी कडाडून विरोध केला होता. पुरेशी माहिती न देता बायकांना टोचलं जाईल, ही त्यांची एक मोठी भीती होती, आणि ती आजही रास्तच आहे. पुण्यात ससूनमध्ये किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात कुटुंबनियोजनाबद्दल विचारा, नाहीतर वस्तीतल्या आशाताईंना गाठा.

हे औषध अंडं बाहेर पडूच देत नाही आणि गर्भाशयाच्या तोंडाशी असणारा स्राव घट्ट करतं. यात इस्ट्रोजेन नाही, त्यामुळे अंगावर पाजणाऱ्या आईला बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी घेता येतं, दूध कमी होत नाही. पाळी सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आत घेतलं तर लगेच भरवसा धरायचा. त्यानंतर कधीही घेता येतं, पण आधी दिवस गेलेले नाहीत याची खात्री करायची आणि पुढचे सात दिवस निरोध वापरायचा.

टोचण्याआधी बीपी मोजलंच पाहिजे. १६० बाय १०० किंवा त्याहून जास्त असेल तर हे इंजेक्शन नको. स्तनाचा कर्करोग, हृदयविकार, पक्षाघात, लिव्हरचा गंभीर आजार, किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तरीही नको. अशी काहीही गोष्ट असेल तर लपवू नका, सरळ सांगा.

आता कुपी. औषध पांढरं असतं आणि ठेवल्या ठेवल्या तळाशी बसतं. कुपी जोरात हलवली नाही तर सिरिंजमध्ये पाणीच जास्त येतं, औषध तळालाच राहतं आणि डोस अपुरा पडतो. "सिस्टर, कुपी हलवलीत ना?" असं विचारण्यात काही गैर नाही. सुई निघाल्यावर ती जागा चोळायची नाही, शेकायचीही नाही. चोळल्याने औषध लवकर शोषलं जातं आणि तीन महिने पुरायचं ते आधीच संपू शकतं. घरी आल्यावर सासूबाई प्रेमाने गरम पाण्याची पिशवी पुढे करतील, त्यांनाही हे आधीच सांगून ठेवा.

तारीख कार्डावर लिहून मिळते. तेरा आठवडे म्हणजे ९१ दिवस. १० जूनला घेतलं तर पुढचं ९ सप्टेंबरला. दोन आठवडे आधी, म्हणजे २६ ऑगस्टपासून, ते चार आठवडे उशिरा, म्हणजे ७ ऑक्टोबरपर्यंत चालतं. त्याहून उशीर झाला तर आधी गर्भ राहिला नसल्याची खात्री, मग इंजेक्शन, मग सात दिवस निरोध. गौरी-गणपतीला गावी जाणार असाल तर निघण्याआधीच घेऊन टाका. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिन्ही तारखा खुणावून ठेवल्या की काम सोपं होतं.

आणि पाळी. पहिले तीन ते सहा महिने डाग पडतात, अधूनमधून अंगावरून जातं, कधी सलग काही दिवस चालूच राहतं. नंतर ती विरळ होते आणि वर्षभरात बऱ्याच जणींची पूर्ण थांबते. "रक्त आत साचतंय, डोक्यात चढेल" ही भीती घरोघरी ऐकू येते. आत काहीही साचत नाही. गर्भाशयाचं अस्तर पातळच राहतं, त्यामुळे बाहेर पडण्यासारखं काही तयारच होत नाही. उलट रक्त कमी असलेल्या बाईला याचा फायदाच होतो. सणासाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मात्र यावर स्वतःच्या मनाने घेऊ नका. डाग थांबत नसतील तर डॉक्टर पाच दिवसांच्या गोळ्या देतात, त्याने काही काळ आराम पडू शकतो. नेहमीच्या दुप्पट रक्त जात असेल किंवा आठ दिवसांहून जास्त चाललं असेल, तर डोसच्या तारखेची वाट न पाहता दाखवा. पाळी थांबलेली असताना मळमळ, स्तनांत दुखणं असं काही वाटलं तर लघवीची तपासणी करून घ्या.

वर्षाला एक-दोन किलो वजन वाढू शकतं, डोकं दुखतं, काहींचं मन उदास होतं. हाडांची घनता थोडी कमी होते, इंजेक्शन थांबवल्यावर ती बरीचशी भरून येते. २०२४ मध्ये फ्रान्समधल्या एका अभ्यासात, वर्षाहून जास्त काळ घेणाऱ्यांमध्ये मेंदूच्या आवरणातल्या मेनिंजिओमा नावाच्या गाठीचा धोका वाढलेला दिसला. गाठ दुर्मीळच आहे, पण वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी डॉक्टरांशी याबद्दल बोलावं. गुप्तरोग किंवा एचआयव्हीपासून हे इंजेक्शन वाचवत नाही, तिथे निरोधच हवा.

मूल हवं असेल तर हिशोब आधीपासून करा. शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला साधारण सात ते दहा महिने लागतात, काहींना त्याहून जास्त. ९ सप्टेंबरला शेवटचं घेतलं तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत धीर धरावा लागेल. वर्षभरात मूल हवंय असं ठरलेलं असेल, तर अंतरा नको, गोळ्या किंवा तांबी बघा. त्या बंद केल्या की लवकर दिवस राहू शकतात.