गाडी किती उंच होईल?

‘लाँग ट्रॅव्हल बसवलं तर गाडी किती उंच होईल?’ इंदूरच्या माझ्या वर्कशॉपमध्ये येणारा जवळजवळ प्रत्येक पिकअपवाला हे विचारतो. लोकमान्य नगरातला मुलगा ‘काका, किती इंच?’ म्हणतो, विजयनगरचा ‘भिया, कित्ती उठ जाएगी?’ म्हणतो. मोबाइलवर बहुधा एकाच जातीचा व्हिडिओ असतो: वाळूच्या उंचवट्यांवरून भरधाव सुटलेला ट्रक, खाली चाकांचं थैमान आणि वर ड्रायव्हरचं डोकं जागच्या जागी. तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहितो. थोडक्यात उत्तर हवं असेल तर, ठरवलं तर एक इंचही उंच होणार नाही. त्या व्हिडिओत तुम्हाला जे आवडलंय, ते उंचीतून येत नाही.

चाक पार खाली लोंबतं तिथपासून पार वर दाबलं जातं तिथपर्यंतचं अंतर म्हणजे ट्रॅव्हल. मोजायची रीत सोपी आहे. गाडी स्टँडवर घ्यायची, स्प्रिंग काढायची, चाक जॅकने वर-खाली करायचं आणि टेप लावायची. कंपनीतून आलेल्या पिकअपला पुढे साधारण आठ-नऊ इंच मिळतात. गाडी आपल्या वजनावर उभी असते तेव्हा चाक या अंतराच्या मध्ये कुठेतरी असतं. उंचवटा आला की वर जायला जागा, खड्डा आला की खाली जायला जागा. खाली जाणारं चाक जमीन सोडत नाही, म्हणून स्टिअरिंग आणि ब्रेक तुमच्या हातात राहतात.

आता बाजारात मिळणारा दोन इंचांचा स्पेसर, म्हणजे उंची वाढवणारा ठोकळा, स्प्रिंगवर ठेवला की काय होतं? गाडी उंच होते, फोटो छान येतो, पण चाकाचं एकूण अंतर तेवढंच राहतं. गाडी वर उचलली गेली म्हणजे चाक खालच्या टोकाजवळ गेलं, आणि खाली जायची उरलेली जागा तेवढीच कमी झाली. मग साध्या स्पीडब्रेकरवरून उतरतानाही पुढून ‘ठक्’ आवाज येतो. शॉक, म्हणजे शॉक-अब्सॉर्बर, आपल्या शेवटच्या टोकाला आदळत असतो. असे उचललेले ट्रक माझ्याकडे ‘लाँग ट्रॅव्हल करून द्या’ म्हणून येतात आणि माझं पहिलं काम ते खाली आणणं हे असतं. एका मुलाची आई सोबत आली होती, तिने विचारलं, ‘यात चढायला पायरी लावून देता का हो?’ सगळ्यांत नेमका प्रश्न तिचाच होता.

खरं लाँग ट्रॅव्हल करायचं तर पुढच्या चाकाला कोण अडवतंय हे एकेक करून शोधावं लागतं. इसुझूची व्ही-क्रॉस घ्या की टोयोटाची हायलक्स, पुढे डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वर एक आणि खाली एक अशा दोन आर्मवर धरलेलं. आधी शॉकची लांबी आड येते. लांब शॉक लावला की आर्म चाकाला जोडणाऱ्या बॉल जॉइंटचा कोन आड येतो. तिथे युनिबॉल, म्हणजे जास्त कोनात फिरणारं उघडं गोल बेअरिंग, लावला की पुढच्या ॲक्सलचा सीव्ही जॉइंट, म्हणजे वाकलेला असतानाही चाकाला ताकद पोचवणारा सांधा, आड येतो, आणि हा सगळ्यांत हट्टी. त्याला ठरावीक कोनापलीकडे वाकवून ताकद दिली की आधी बूट, म्हणजे वरचं रबरी आवरण, फाटतो, मग आतल्या गोळ्यांचा भुगा होतो. म्हणून आर्म लांब करतात. आर्म लांब असला की तेवढ्याच कोनात चाक जास्त वर-खाली जातं. पण आर्मबरोबर ॲक्सल लांब हवा, ब्रेकचा होस लांब हवा आणि चाक वळवणारी स्टिअरिंगची दांडी, म्हणजे टाय रॉडही त्याच हिशेबाने लांब हवा. टाय रॉड आणि आर्म आपापल्या कमानीत फिरतात. त्या कमानी जुळल्या नाहीत तर चाक वर गेलं की स्टिअरिंगला हात न लावता ते आपोआप वळतं. भेरूघाटाच्या उतारावर, समोरून ट्रक येत असताना, हे अनुभवायला कुणाला पाठवू नये.

आर्म लांब झाले की गाडी रुंद होते, टायर मडगार्डच्या बाहेर येतात, म्हणून मडगार्ड फायबरचं. उंची तिथेच, रुंदी मात्र वाढली. शॉकचं गणितही लक्षात घ्या: तो लोअर आर्मवर आतल्या बाजूला बसतो, त्यामुळे शॉक एक इंच दबतो तेव्हा चाक दीड ते दोन इंच चाललेलं असतं. शॉकवर किती ताण येतो ते यावरून कळेल. आर्मसाठी गेट-ग्रिलचा पाइप चालत नाही, कितीही जाड असला तरी. क्रोमोली (क्रोम-मॉलिब्डेनमचं पोलाद) किंवा चांगली सीमलेस ट्यूब, नीट टिग वेल्डिंग, आणि प्रत्येक जोडावर लाल डाय पेनिट्रंट मारून पाहणी. भेग असली तर पांढऱ्या डेव्हलपरवर लाल रेघ उमटते. ही पाहणी न करता आर्म देणाऱ्याकडून घेऊ नका.

एवढं करून पुढे १२ ते १४ इंच मिळतात. ‘मग त्या व्हिडिओत एवढं कसं?’ तो बहुधा ट्रॉफी ट्रक असतो. मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात १९६७ पासून वाळवंटी शर्यत होते, तिथला हा प्रकार; ट्रॉफी ट्रकचा वेगळा वर्ग १९९४ मध्ये आला. त्यांच्या पुढच्या चाकांची चाल दोन फुटांच्या आसपास असते, मागच्यांची त्याहून जास्त. हे जमतं कारण पारंपरिक ट्रॉफी ट्रकच्या पुढच्या चाकांना इंजिनाची ताकद जातच नाही, म्हणजे सीव्ही जॉइंटची कटकट नाही. चारही चाकं ओढणारे अलीकडचे. डकार या लांब पल्ल्याच्या वाळवंटी शर्यतीत तर नियमच आहे: तिथल्या मोठ्या गाड्यांना २०२२ पासून चाकाची चाल ३५० मिलिमीटरपर्यंत करायला परवानगी मिळाली, त्याआधी २८० होती. ३५० म्हणजे जेमतेम १४ इंच, आणि तेवढ्यावर ते लोक अख्खं अरबस्तानचं वाळवंट तुडवतात.

मागे पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग. इथे मी थोडक्यात आटोपतो, कारण पाट्याच्या पिकअपला मागे फार चमत्कार होत नाहीत. कंपनीचे पाटे माल वाहण्यासाठी असतात. रिकाम्या गाडीला ते कडक लागणारच. एक पाटा काढून टाकायचा सल्ला गल्लोगल्ली मिळतो. मऊ लागतं खरं, पण जोरात निघताना मागच्या ॲक्सलचं हाउसिंग स्वतःभोवती पिळतं आणि पाटे इंग्रजी एससारखे वाकतात. लांब, पातळ आणि जास्त पानांचा संच, योग्य लांबीचा शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी हलती पट्टी), हा मार्ग बरा. आणि पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट एकदा काढले की नवेच लावा. ते ताणून बसलेले असतात.

खरी गंमत शॉकमध्ये आहे. स्प्रिंग धक्का साठवते आणि परत देते. तो जिरवायचं काम शॉकचं, आणि जिरवणं म्हणजे तेल बारीक वाटांतून ढकलून त्याची उष्णता करणं. चाक जितकं जास्त चालेल तितकं तेल तापेल. तापलं की पातळ होतं, पातळ झालं की गाडी बोटीसारखी डुलायला लागते. म्हणून जाड शॉक, बाजूला वेगळी टाकी, आणि त्या टाकीत तरंगत्या पिस्टनच्या पलीकडे साधारण २०० पीएसआय दाबाचा नायट्रोजन, म्हणजे तेलात फेस होत नाही. साधी हवा का नाही, तर तिच्यात ओलावा असतो, आणि गरम झाल्यावर दाबाचा भरवसा राहत नाही. त्यापुढचा प्रकार बायपास शॉकचा. नळीच्या बाहेरून छोट्या नळ्या जातात आणि पिस्टन मधल्या भागात असताना तेल त्यांतून वळसा घालतं. मधे मऊ, टोकाला कडक. शेवटचे दोन-तीन इंच हायड्रॉलिक बंप स्टॉप सांभाळतो, आणि खालच्या टोकाला कापडी पट्टा चाक अडवतो, म्हणजे शॉक स्वतःच्या टोकावर लटकत नाही. हा पट्टा ताणतो, फुटाला साधारण एक इंच. लांबी ठरवताना तेवढं धरा.

आता जे कुणी विचारत नाही ते. बसवण्याचा खर्च एकदाच, सांभाळण्याचा कायमचा. युनिबॉलला रबरी टोपण नसतं. माळव्याची काळी माती त्यात शिरते, वाळते आणि सँडपेपरचं काम करते. ग्रीस लावू नका, ते माती धरून ठेवतं. पाण्याने धुवा, लगेच कोरडं करा, कोरडं वंगण मारा. पावसाळ्यात चोरलकडे एक रविवार घालवलात की सोमवारी हे काम आहेच. चाक जॅकवर घेऊन वर-खाली हलवा, ‘टक’ जाणवलं तर बेअरिंग गेलं. शॉकचा रॉड फडक्याने पुसून बोट फिरवा. खरखर लागली तर ती सील खाणार. नर्मदेची वाळू बडवाहला अंगाला लागते तशी रॉडलाही लागते. तेल बदलणं हे इंजिन ऑइलइतकंच नेमाचं समजा. वेगात चालवत असाल तर वर्षातून एकदा शॉक उघडलाच पाहिजे, आणि नायट्रोजन सोडल्याशिवाय तो घरी उघडायला जाऊ नका.

आर्मच्या सांध्यात साधे रबरी बुश असलेल्यांसाठीही एक सांगतो, कारण यात शहरातले निम्मे मेकॅनिक गडबड करतात. आर्मचे बोल्ट चाक लोंबत असताना आवळायचे नाहीत. गाडी जमिनीवर, आपल्या वजनावर उभी करा आणि मग आवळा. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. आवळल्यावर नटावर रंगाची रेघ ओढा, सरकलेला नट लांबूनही दिसेल.

आणि कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२: नोंदणीपत्रातली माहिती कंपनीच्या मूळ माहितीशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावलं. गाडी रुंद करून एबी रोडवर (आग्रा-मुंबई रस्त्यावर) रोज चालवायची असेल तर मी ते काम घेत नाही. शर्यतीची, ट्रेलरवरून नेली जाणारी गाडी असेल तर बोलू. बाकी तुमचं बहुतेक जाणं जानापावकडे, मानपूरच्या जंगलाकडे, कधी महेश्वरच्या वाटेने; दगड, चिखल, हळू वेग. तिथे टाकीवाले चांगले शॉक, मापाची स्प्रिंग, ताजे बुश आणि टायरमध्ये थोडी कमी हवा एवढं पुरतं. पैसे उरतील त्यात मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा डिफरन्शियल लॉक बसवा, त्या दगडांत तो १४ इंचांपेक्षा जास्त कामाला येतो.

येणार असाल तर नेहमी सोबत असतं ते सगळं सामान भरून या: डिक्कीवरचं झाकण, विंच, स्टेपनी, पाण्याचे कॅन, मागे बसणारे दोघं मित्रसुद्धा. चारही चाकं वेगवेगळी वजनावर घेऊन स्प्रिंग ठरवायची आहे. रिकामी गाडी आणलीत तर मी चहा देईन, पण माप पुन्हा घ्यावं लागेल.