एचआरची नोकरी सोडून एमबीएला शिकवायला लागले, त्याचा अनुभव (नाशिक)

अंबड एमआयडीसीत एका कंपनीत एचआर बघत होते, एमबीए पण एचआरमध्येच झालेलं. ट्रेनिंग घ्यायला उभं राहिलं की जे समाधान मिळायचं ते पगार-हजेरीच्या कामात कधी मिळालं नाही, म्हणून मग शिकवायचंच ठरवलं. सातपूर-अंबडच्या बऱ्याच जणांना हे करायचं असतं पण सुरुवात कुठून करायची कळत नाही, त्यांच्यासाठी सविस्तर लिहितेय.

आधी आपला विषय कुठल्या खात्यात मोडतो ते बघा, बाकी सगळं त्यावर ठरतं. अमेरिकेत व्हँडरबिल्ट विद्यापीठात ह्युमन अँड ऑर्गनायझेशनल डेव्हलपमेंट असा वेगळा विभागच आहे. आपल्याकडे हेच सगळं विखुरलेलंय, ह्युमन डेव्हलपमेंट होम सायन्सकडे, थोडं सायकॉलॉजीकडे, ओबी (संस्थेतल्या माणसांचं वागणं) आणि ओडी (संस्थेचा विकास) मॅनेजमेंटकडे, कामगारांचा भाग लेबर वेल्फेअरकडे. नेट म्हणजे प्राध्यापक व्हायची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, तिच्या फॉर्मला विषयांचे कोड पण वेगवेगळे, सायकॉलॉजी 04, होम सायन्स 12, मॅनेजमेंट 17, लेबर वेल्फेअर-एचआरएम 55. कंपनीत कामगार कायदे रोजचेच असल्यामुळे 55 मला सोपा गेला असता, पण इकडच्या कॉलेजांच्या जाहिरातीत विषय 'मॅनेजमेंट' लिहिलेला असतो आणि छाननीत तुमचं नेट वेगळ्या विषयाचं दिसलं तर उगाच वाद, म्हणून मी 17 घेतला आणि मला तेच बरोबर वाटतं.

वयाची काळजी करू नका, नेटमधूनच मिळणाऱ्या जेआरएफला (संशोधनाची फेलोशिप) वयोमर्यादा आहे, असिस्टंट प्रोफेसरच्या पात्रतेला नाही. पेपर 1 ला 50 प्रश्न, पेपर 2 ला 100, दोन्ही मिळून 3 तास आणि निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न सोडायचा नाही. फक्त किमान मार्क पडले म्हणजे झालं असं नाही, परीक्षेला बसलेल्यांपैकी साधारण 6 टक्केच पात्र ठरवतात. अभ्यासाला जागा लागत असेल तर आपलं 1840 सालचं सार्वजनिक वाचनालय आहेच, मला घरापेक्षा तिथेच जास्त वाचून व्हायचं.

एमबीए कॉलेजांना एआयसीटीईचे (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) 2019 चे नियम लागतात. त्यात मास्टर्स फर्स्ट क्लास आणि त्यानंतरचा 2 वर्षांचा व्यावसायिक अनुभव मागतात, म्हणजे कंपनीतली वर्षं इथे कामी येतात. पण हा अनुभव डिग्रीनंतरचाच धरतात, म्हणून अनुभवपत्रात पद, रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख सगळं स्पष्ट हवं. 'समाधानकारक काम केले' एवढ्यावर भागत नाही. साध्या डिग्री कॉलेजला यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोग) 2018 चे नियम, तिथे नेट, सेट (राज्याची तशीच परीक्षा) किंवा पीएचडी लागतेच. शॉर्टलिस्टिंगला पीएचडीचे 25 मार्क, नेटचे 8, सेटचे 5, पण एकदा इंटरव्ह्यूला बोलावलं की निवड फक्त इंटरव्ह्यूवर, तेव्हा मार्क कमी दिसतात म्हणून अर्ज करायचा राहू देऊ नका.

इंटरव्ह्यूतल्या डेमो लेक्चरला मी संस्थेत बदल कसा घडवायचा याचं लेविनचं मॉडेल घेतलं, अनफ्रीझ-चेंज-रीफ्रीझ, म्हणजे जुनी सवय सैल करायची, बदल करायचा आणि तो पक्का करायचा. व्याख्या सांगत बसले नाही, थेट शॉपफ्लोअरवरची गोष्ट सांगितली. आमच्याकडे नट-बोल्टचे पाने शोधण्यात वेळ जायचा, कामगारांनाच घड्याळ लावून तो मोजायला सांगितलं, तो आकडा त्यांनीच बघितल्यावर टूलबोर्ड (हत्यारं टांगायचा फळा) लावायला कोणी विरोध केला नाही. समोरच्या तज्ज्ञ मॅडमनी लगेच विचारलं, "ठीक आहे, पण रीफ्रीझ कुठे झालं?" मी सांगितलं, शिफ्ट बदलताना जे रजिस्टर भरतात त्यात टूलबोर्ड पूर्ण आहे का हा एक कॉलम वाढवला, तिथे सही झाल्याशिवाय शिफ्ट हातात घ्यायची नाही. मॅडमनी मान हलवली आणि मग आपल्याकडे एचआरडीचा (मनुष्यबळ विकास) पाया घालणारे उदय पारीक, टी. व्ही. राव आणि एल अँड टीमध्ये 1975 ला सुरू झालेला एचआरडी विभाग यावर बराच वेळ छान बोलणं झालं. कंपनीतून येणाऱ्याकडे असं रोजचं सांगण्यासारखं खूप असतं, ते वापरा, पुस्तक तर वर्गातल्या मुलांकडेही असतंच.

पगाराचं मात्र आधीच विचारून घ्या. सातव्या वेतन आयोगात असिस्टंट प्रोफेसरचं सुरुवातीचं मूळ वेतन 57,700 आहे, पण एका संस्थेत मला त्याच्या निम्म्याच्या आसपास एकत्रित पगार सांगितला आणि वर ऑर्डर पण फक्त 11 महिन्यांची. मी नाही म्हणाले, घरी थोडी कुरबुर झाली पण इतकं शिकलेल्या माणसाला असं राबवणं मला पटत नाही. पुढे दुसरीकडे निवड झाली तेव्हा सिलेक्शन कमिटी विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे होती का आणि नेमणुकीच्या मान्यतेचा प्रस्ताव पुणे विद्यापीठाला कधी पाठवणार हे दोन्ही प्राचार्यांना स्पष्ट विचारलं, सरांनी पण नीट उत्तरं दिली. मान्यतेचं पत्र नसेल तर पुढे ती वर्षं अनुभवात धरून घेताना फार त्रास होतो.

आता पीएचडीच्या मागे आहे, असोसिएट प्रोफेसरला ती लागतेच. विषय कंत्राटी कामगारांचं ट्रेनिंग घ्यायचा विचार आहे, सातपूरच्या काही कंपन्यांशी बोलणं चालू आहे. कोणाला अनुभवपत्राचा मसुदा हवा असेल तर सांगा, माझ्याकडचा देते.