कान उभे, कागद मागाहून

खोत्स्की पेस पहिल्यांदा पाहिला की वाटतं, कुणीतरी जर्मन शेफर्ड गरम पाण्यात धुतला आणि तो आटला. काळं अंग, पायांवर आणि भुवयांपाशी तांबूस ठिपके, छोटे टोकदार उभे कान, मानेभोवती दाट लांब केस. नराची उंची 52 ते 55 सेंटिमीटर. वजन पंचवीस किलोच्या वर सहसा जात नाही. मला तर हे मापच फार आवडतं. उगाच छाती फुगवून दाखवायची गरज नाही.

हा कुत्रा चेकियाच्या पश्चिमेचा, बव्हेरियाच्या सीमेलगतच्या दोमाझ्लित्से परिसरातला. तिथल्या जंगलांची आणि सीमेची राखण खोद लोकांकडे होती. 1325 मध्ये लक्झेंबुर्गच्या राजा यानने त्यांना सनद दिली: राखण करा, मोबदल्यात कुणा सरदाराचे मिंधे राहू नका. त्यांना शस्त्रं बाळगायची आणि मोठे कुत्रे पाळायचीही मुभा होती, असं सांगतात. इतर कुळांच्या नशिबी ते कुठलं! पुढे ही गावं लामिंगर घराण्याला विकली गेली, सवलती कागदावर राहिल्या, आणि कोर्टकचेरी करून थकलेल्या खोदांनी शेवटी बंड केलं. त्यांचा पुढारी यान स्लाद्की, ज्याला सगळे कोझिना म्हणतात, त्याला 28 नोव्हेंबर 1695 ला पिल्सेनमध्ये फाशी दिलं. वर्षभराच्या आत देवापुढे भेटू, असं त्याने लामिंगरला फाशीच्या तख्तावरून बजावलं म्हणे. लामिंगर 1696 मध्ये खरंच गेला. दंतकथेला याहून जास्त काय लागतं?

आलोइस यिरासेकच्या 1880च्या दशकातल्या कादंबरीने हे बंड घरोघरी नेलं आणि तेव्हापासून कुत्र्याचं मुंडकं हीच खोदांची निशाणी म्हणून लोकांच्या डोक्यात घट्ट बसली. आजही तिकडे ते मुंडकं जागोजागी दिसतं. पण त्या मुंडक्यामागचा कुत्रा? तो शेतात, गोठ्यात, कुरणात होता. वंशावळीच्या वहीत नव्हता. आपल्याकडची काही घराणी जसा भाटाला बोलावून इतिहास मागाहून लिहवून घेत, तसं याचंही झालं.

1984 मध्ये यान फिंदेइस या श्वानप्रेमी माणसाने विलेम कुर्त्सच्या साथीने हे काम हाती घेतलं. वाडीवस्तीवर कागदाविना हिंडणारे, जुन्या ठेवणीचे कुत्रे निवडून त्यांच्यापासून पैदास सुरू झाली. 1985 मध्ये पहिली वीण झाली. म्हणजे नोंदवहीनुसार ही जात माझ्या ओळखीच्या बऱ्याच माणसांहून लहान. आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाने 2019 मध्ये तिला तात्पुरती मान्यता दिली, क्रमांक 364. सहाशे-सातशे वर्षांच्या इतिहासाला 'तात्पुरती'! सरकारी कामाची गंमत सगळीकडे सारखीच.

शुद्ध रक्ताच्या अभिमानी मंडळींना हे खटकतं. मला नाही खटकत. जुने कान, जुनी ठेवण, जुनी राखणदारी यांचा माग काढून कुणी जिवंत कुत्रा उभा केला, तर तो खोटा कसा? खोटा असता तर मालकाच्या पायाशी इतका चिकटून राहिला नसता. आता तो शोध-बचाव पथकात जातो, अडथळ्यांच्या शर्यती पळतो, घरातल्या पोरांना अंगणात गोळा करतो. मेंढ्या मात्र त्यातल्या फार थोड्यांच्या वाट्याला येतात, म्हणून पोरांवर भागवतो.