वहिनी, गणपती नव्या घरातच!

आमच्या रत्नागिरीतल्या फ्लॅटच्या करारात ताब्याची तारीख होती ३१ मार्च २०२३. फेब्रुवारीत बिल्डरना फोन केला, तर म्हणाले, "वहिनी, यंदा गणपती नव्या घरातच बसवा." २०२३ चे गणपती भाड्याच्या घरात बसले, २०२४ चेही तिथेच.

दीड वर्ष मी नुसते फोन करत राहिले, तिथेच चुकलं. उशीर होतोय हे त्यांनी एका ओळीनंही लेखी कळवलं नाही, आणि मीही कधी मागितलं नाही. एका आळीतली माणसं, पत्र धाडायचं म्हणजे भांडण उकरून काढल्यासारखं वाटायचं. शेवटी यांनी कराराची झेरॉक्स माझ्यापुढे आणून टाकली.

बिल्डरचं पालुपद एकच, पाऊस थांबेना, चिरा मिळेना. घरखरेदीदारांसाठीच्या रेरा कायद्यात मुदतवाढीसाठी युद्ध, पूर, चक्रीवादळ, भूकंप असली कारणं आहेत. कोकणातला पाऊस काय पाहुणा आहे? तो धरूनच तारीख घालायची.

महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर पाहिलं, तर प्रकल्पाची तारीख पुढे ढकललेली. माझं धाबं दणाणलं. मग वकिलांनी सांगितलं, नोंदणीची मुदत वाढली म्हणून करारातली तारीख सरकत नाही, सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्येच हे म्हटलंय. रेराच्या कलम १८ खाली दोन वाटा. व्याजासह पैसे परत घ्या, नाहीतर घर ठेवा आणि ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज मागा. दर म्हणजे स्टेट बँकेचा सर्वांत जास्त एमसीएलआर (बँकेचा कर्जासाठीचा पायाभूत व्याजदर) अधिक २ टक्के. आमचे २४ लाख भरून झाले होते, म्हणजे महिन्याला २० हजारांच्या वर!

ऑक्टोबरात रजिस्टर एडीनं पत्र पाठवलं. "अहो, पत्र कशाला?" असा फोन आला आणि पाठोपाठ त्यांचंच पत्र, ताबा घ्या म्हणून. भोगवटा प्रमाणपत्राची, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याच्या नगर परिषदेच्या दाखल्याची, प्रत मात्र नाही. नगर परिषदेत चौकशी केली, तर त्यासाठी अर्जच गेलेला नव्हता. मी उलट लिहिलं, प्रमाणपत्र मिळालं की मग लेखी कळवा.

ते जानेवारीत आलं. व्याज पूर्ण मिळालं नाही, शेवटच्या हप्त्यातून दीड लाख वजा झाले. महारेराकडे तक्रारीची फी ५ हजार, ती काही जड नव्हती, पण पुढे हेलपाटे कोण घालणार? कमीच घेतलं, असं अजून वाटतं.

चावी देताना बिल्डर म्हणाले, "आता गणपतीला बोलवा हं."

म्हटलं, "लेखी कळवते."