एका हाताला सोळा बोटे

गेल्या पावसाळ्यात रावेर तालुक्यातील ओळखीच्या एका केळी बागाईतदारांनी चार पानांचे एक इंग्रजी माहितीपत्रक माझ्या हाती दिले आणि त्याचे रशियन भाषांतर करून मागितले. पुण्यात शिकत असताना मी तीन वर्षे रशियन शिकलो होतो आणि जळगावला परतल्यानंतरही वाचन सुटू दिले नव्हते, त्यामुळे दोन संध्याकाळींत हे काम उरकेल अशा समजुतीने मी बसलो. दुसऱ्याच परिच्छेदात वाक्य होते की एका बंचला ९ ते १० हँड असतात आणि प्रत्येक हँडला १६ ते १८ फिंगर असतात. हँडला मी 'रुका' हा शब्द लावला, फिंगरला 'पालेत्स' लावला आणि पुढे गेलो. मजकूर तपासण्यासाठी ज्या रशियन परिचित बाईंकडे पाठवला होता, त्यांनी त्या वाक्यासमोर समासात एवढेच विचारले होते की हे हात कोणाचे आणि त्यांना १६ बोटे कशी?

चूक पूर्णपणे माझी होती, आणि ती अधिक लागली याचे कारण असे की मराठी माणसाने ती करायलाच नको होती. रशियन 'रुका' म्हणजे आपला हात, खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंतचा सगळा. कोणाचा हात मोडला असे आपण म्हणतो तेव्हा तो दंडात मोडला की मनगटात, हे वेगळे विचारावे लागते, आणि रशियनमध्येही तसेच विचारावे लागते. इंग्रजीने मात्र मनगटापाशी रेघ ओढून दोन शब्द केले आहेत. बोटांचेही तसेच आहे. आपल्याला हाताचे बोट आणि पायाचे बोट दोन्ही बोटेच, रशियनांना दोन्ही 'पालेत्स'. नेहमीच्या बोलण्यात मराठीतून रशियनमध्ये जाणे इतके सरळ असताना मी इंग्रजीच्या वळशाने गेलो आणि केळीच्या खांबाला माणसाचे हात लावून बसलो.

मनगटापुढच्या पंजासाठी रशियनमध्ये 'किस्त्य' हा निराळा शब्द आहे, आणि गंमत म्हणजे केळ्यांच्या फणीलाही हाच शब्द चालतो. त्याच शब्दाने चित्रकाराचा कुंचला आणि शालीच्या टोकाचा गोंडाही दाखवला जातो, म्हणजे एका मुळाशी धरलेले आणि पुढे सुटे होत गेलेले असे जे काही दिसेल, त्याला तो लागू पडतो. इंग्रजांना तिथे पंजा दिसला, आपल्याला केस विंचरायची फणी दिसली. आता मी मराठीतून थेट गेलो असतो तरी नुसत्या कोशाच्या भरवशावर फसलोच असतो, कारण फणी या शब्दापुढे 'ग्रेबेन' किंवा 'रास्च्योस्का' सापडले असते आणि रशियन वाचकाने केळीला लगडलेले कंगवे पाहिले असते.

म्हणून मी सावद्याजवळच्या एका पॅकिंग शेडमध्ये जाऊन तासभर उभा राहिलो. बागेतून आलेला घड टांगलेला होता, एक मावशी बाकदार सुरीने त्याच्या दांड्यालगत एकेक फणी उतरवत होत्या, आणि कापल्या जागी येणारा चीक धुऊन निघावा म्हणून फण्या तुरटीच्या पाण्याच्या हौदात पडत होत्या. हौदापलीकडे मोठ्या फणीचे चार-सहा केळ्यांचे तुकडे करून ते खोक्यात बसवले जात होते. मी वहीत लिहितो आहे हे पाहून मावशी म्हणाल्या, "भाऊ, घड म्हंजे घड, फनी म्हंजे फनी, अन् हे केयं. त्यात लिव्हन्यासारखं काय हाये?" आमच्याकडे बोलीत ळचा य होतो आणि णचा न होतो, पण त्या तीन शब्दांच्या तीन जागा मात्र कोणाच्याही बोलण्यात हलत नाहीत. मला हवे होते ते एवढेच. घडाला 'ग्रोझ्द्य', फणीला 'किस्त्य', आणि सुट्या केळ्याला 'बनान' किंवा फळ या अर्थी 'प्लोद' असे मी मांडून घेतले. बोट कुठेच येत नाही.

इंग्रजी बंच हा शब्द तर त्याहून बेभरवशाचा आहे, कारण तो किल्ल्यांनाही चालतो, फुलांनाही आणि द्राक्षांनाही. रशियनला ते मान्य नाही आणि मराठीलाही नाही. किल्ल्यांचा जुडगा म्हणजे 'स्व्याझ्का', फुलांचा गुच्छ म्हणजे 'बुकेत', द्राक्षांचा घोस म्हणजे 'ग्रोझ्द्य', आणि कोथिंबिरीची जुडी म्हणजे 'पुचोक', अशी जोडणी जवळजवळ खाचेत खाच बसावी तशी बसते. दुकानातला ग्राहक पुष्कळदा केळ्यांनाही 'स्व्याझ्का' म्हणतो, पण त्या शब्दात बांधण्याचा अर्थ आहे आणि फणी कोणी बांधलेली नसते, म्हणून व्यापारी माहितीपत्रकात मी तो टाळला.

शब्द सापडला तरी तो वाक्यात बसवण्याचे काम उरतेच. रशियनमध्ये मराठीसारखीच तीन लिंगे आहेत, आणि शेवटी मृदुचिन्ह (आधीचे व्यंजन मृदू करणारे अक्षर) असलेली नामे पुल्लिंगीही असू शकतात, स्त्रीलिंगीही. 'देन्य' म्हणजे दिवस हा पुल्लिंगी, आणि 'नोच' म्हणजे रात्र ही स्त्रीलिंगी, म्हणजे इथे मराठीशी जुळते, पण यावर विसंबणे धोक्याचे आहे, कारण आपले नपुंसकलिंगी केळे तिकडे 'बनान' होऊन पुल्लिंगी होते आणि आपला पुल्लिंगी घड 'ग्रोझ्द्य' होऊन स्त्रीलिंगी. खरी परीक्षा मोजण्यात आहे. १ ला मूळ रूप, २, ३ आणि ४ ला षष्ठीचे एकवचन, ५ पासून २० पर्यंत षष्ठीचे अनेकवचन, आणि २१ ला पुन्हा मूळ रूप. त्यामुळे १ 'किस्त्य', २ 'किस्ती', ५ 'किस्तेय' असे लिहावे लागते, आणि दोन या अंकालाही लिंग असल्याने केळ्यांना 'द्वा' आणि फण्यांना 'द्वे' लावावे लागते. आपण दोन फण्या आणि दहा फण्या एकाच रूपात मोजतो, म्हणून माझ्या पहिल्या मसुद्यात ९ ते १० च्या पुढे चुकीचे रूप दोनदा आले होते.

तिसरी चूक कार्टनची. निर्यातीची केळी १३ किलोच्या खोक्यात भरतात आणि पत्रकात त्याला कार्टन म्हटले होते. रशियनमध्ये 'कार्तोन' हा शब्द आहे, उच्चारही ओळखीचा आहे, पण त्याचा अर्थ पुठ्ठा. मी तो तसाच ठेवला असता तर आम्ही १३ किलो पुठ्ठा विकायला काढला आहे असे झाले असते. खोक्याला 'कोरोबका' म्हणतात, २ असतील तर 'कोरोबकी', ५ असतील तर 'कोरोबोक', जिथे मधे एक जादा ओ येऊन बसतो. ओळखीचा वाटणारा शब्द असाच दगा देतो. 'मगझीन' म्हणजे नियतकालिक नव्हे तर दुकान, आणि 'फाब्रिका' म्हणजे कापड नव्हे तर कारखाना.

सुधारलेला मजकूर त्या बाईंकडून एकही प्रश्न न येता परत आला. छापलेले पत्रक द्यायला शेडवर गेलो तेव्हा मावशींनी फणीला तिकडे काय म्हणतात ते विचारले. मी 'किस्त्य' असे सांगून शेवटचा त मृदू म्हणून दाखवला. त्यांनी तो पहिल्याच खेपेस बरोबर म्हटला, हातातली फणी हौदात सोडली आणि विचारले, "म्हंजे बँकेची भरतो ती का, भाऊ?"