चेचीचा नकार आणि कलम २२

सांगली-मिरजेकडच्या, नर्सिंग झालेल्या मुली आयर्लंडला यायच्या आधी मला फोन करतात. इंग्रजीची परीक्षा, पगार, घरभाडं, थंडी सगळं विचारून होतं आणि मग शेवटी जरा चाचरत एक प्रश्न येतो, "ताई, तिथं गर्भपाताच्या केसला उभं राहावंच लागतं का?" उत्तर आधीच देऊन टाकते. नाही, सक्ती नाही. पण कायद्याने हा नकार कुठवर चालतो ते समजून घेऊन या.

आमच्या वॉर्डात एक मल्याळी सिस्टर आहे, आम्ही सगळ्या तिला चेची म्हणतो, म्हणजे ताई. पक्की कॅथलिक, रविवारची ड्यूटी लागली तर शनिवारी संध्याकाळची प्रार्थना चुकवणार नाही. नोकरीला लागली त्याच आठवड्यात तिने मॅनेजरला लेखी कळवलं होतं की गर्भपातात मी सहभागी होणार नाही. तेव्हापासून रोटा, म्हणजे ड्यूट्यांचं वेळापत्रक, लावताना ते बघितलं जातं. अशी पेशंट आली की गोळ्या मी देते आणि माझ्या वाटचं एखादं ड्रेसिंग चेची उरकते. कुणी तोंड वाकडं करत नाही. मला स्वतःला तिचं म्हणणं पटत नाही, हे तिलाही ठाऊक आहे.

आयर्लंडचा गर्भपाताचा कायदा कुठून आला ते बेळगाव-निपाणीकडच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. बेळगावची सविता हलप्पनवार, वय ३१, दंतवैद्य. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये १७ आठवड्यांची गर्भवती असताना आयर्लंडमधल्या गॉलवे शहराच्या हॉस्पिटलात गेली. गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झालेलं होतं, तिने गर्भपात मागितला, पण गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून नकार मिळाला. २८ ऑक्टोबरला ती सेप्सिसने, म्हणजे अंगभर पसरलेल्या जंतुसंसर्गाने गेली. इथे एक गल्लत नेहमी होते. तो नकार कुणा एका डॉक्टरच्या श्रद्धेपोटी आलेला नव्हता. आयर्लंडच्या १९८३ च्या आठव्या घटनादुरुस्तीने आई आणि गर्भ यांचा जगण्याचा हक्क सारखा ठरवला होता, आणि डॉक्टर त्या कायद्याला घाबरून थांबले. पुढे २५ मे २०१८ ला सार्वमत झालं, त्याआधी तिच्या वडिलांनी बेळगावहून मतदारांना आवाहन केलं होतं, आणि ६६.४ टक्के लोकांनी ती दुरुस्ती काढून टाकायचा कौल दिला. १ जानेवारी २०१९ पासून १२ आठवड्यांपर्यंत कारण न विचारता गर्भपात मिळतो. मध्ये तीन दिवस थांबावं लागतं, ते मला आजही अनाठायी वाटतं.

त्याच कायद्यातलं कलम २२ चेचीसाठी आहे. डॉक्टर, नर्स किंवा मिडवाइफ (प्रशिक्षित सुईण), ज्याच्या मनाला पटत नाही त्याला गर्भपात करायला किंवा त्यात भाग घ्यायला भाग पाडता येत नाही. पण पुढच्या दोन पोटकलमांत अटी आहेत. बाईच्या जिवावर तातडीचा धोका असेल तर नकार चालत नाही. आणि नकार दिलाच तर त्या बाईला गर्भपात मिळू शकेल अशा रीतीने तिला दुसऱ्याकडे सोपवायची व्यवस्था लवकरात लवकर करावी लागते. "आमच्याकडे होत नाही" म्हणून दार लावून घेता येत नाही.

या दुसऱ्या अटीवरूनच भांडण पेटलं होतं. पाठवणं म्हणजेही हातभार लावणं, असं काही जीपींचं, म्हणजे फॅमिली डॉक्टरांचं म्हणणं होतं, आणि २०१८ च्या डिसेंबरमध्ये त्यांच्या 'कॉलेज' नावाच्या व्यावसायिक संस्थेच्या सभेतून काही जण उठून गेले. त्यांची तगमग खोटी नव्हती. तरी मी अटीच्या बाजूने आहे. घाबरलेली बाई समोर बसलेली असते, तिच्याकडे मोजके आठवडे असतात, आणि पुढे कुठे जायचं हे माहीत असलेला माणूस त्या खोलीत एकटा डॉक्टरच असतो.

वॉर्डात मात्र रेघ इतकी सरळ नसते. एका नाइटला गोळ्या घेतलेल्या पेशंटला फार रक्तस्राव सुरू झाला. मी दुसऱ्या टोकाला होते. बेल ऐकून पहिली पोचली ती चेची. मी जाईपर्यंत तिने बीपी घेतलं होतं, सलाइनची सुई लावली होती, डॉक्टरला बोलावलं होतं आणि बाईचा हात धरून तिच्याशी बोलत होती. नंतर पॅन्ट्रीत चहा घेताना मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, "रक्त जात असताना मी काय बघत उभी राहू?"

मग पेशंटला चहा-टोस्ट नेऊन देणं, ऑपरेशन थिएटरला फोन करणं, दुसऱ्या नर्सची ड्यूटी लावणं हे सगळं कशात धरायचं? शेजारी ब्रिटनमध्ये हे थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. ग्लासगोच्या दोन कॅथलिक मिडवाइफ लेबर वॉर्डच्या समन्वयक होत्या. गर्भपाताच्या केसेसवर देखरेख करणं, त्यासाठी कर्मचारी नेमणं हेही आम्हाला नको, असं त्यांचं म्हणणं होतं. २०१४ मध्ये त्या हरल्या. नकाराचा हक्क प्रत्यक्ष हात लावण्यापुरता, देखरेखीला तो लागू नाही, असा निकाल झाला. निकाल ब्रिटनच्या १९६७ च्या कायद्यावरचा, पण आमच्याकडे चर्चा निघाली की त्याचं नाव निघतंच.

एकटीदुकटीचा नकार वॉर्डाला सहज पेलतो. सगळेच नाही म्हणाले तर काय? इटलीत दहातले सहा-सात स्त्रीरोगतज्ज्ञ नकार देतात, तिथल्या बायकांना दुसऱ्या प्रांतात जावं लागतं. आयर्लंडमध्येही २०२३ च्या आढाव्यात १९ प्रसूती रुग्णालयांपैकी ११ ठिकाणीच पूर्ण सेवा होती, आणि जिथे नव्हती तिथल्या कारणांत ज्येष्ठ डॉक्टरांचे आक्षेप हेही एक होतं. कायदा हा हक्क माणसाला देतो, इमारतीला नाही. पण छोट्या गावात तज्ज्ञच दोन-तीन असले की त्यांचं मत तेच हॉस्पिटलचं मत होऊन बसतं.

आणि आपल्याकडे? आपल्या १९७१ च्या एमटीपी, म्हणजे गर्भपाताच्या कायद्यात असं नकाराचं कलमच नाही. उलट वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत लिहिलंय की वैद्यकीय गरज असेल तर केवळ धर्माच्या कारणावरून डॉक्टरने गर्भपाताला नकार देऊ नये. कागदावर आपण आयर्लंडपेक्षा कडक. प्रत्यक्षात माझ्या चुलत बहिणीला एका दवाखान्यात "नवऱ्याची सही आणा" म्हणून परत पाठवलं. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, कायदा दुसऱ्या कुणाची सही मागत नाही. तिथल्या डॉक्टरला गर्भपात पटत नव्हता, पोलिसांची भीती होती की नुसती सवय, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. ती दुसऱ्या गावी गेली, तोवर दोन आठवडे वाया गेले होते.

तेव्हा येणाऱ्या मुलींनो, मनात असेल ते रुजू होताना मॅनेजरला लेखी सांगा. पेशंट बेडवर आल्यावर सांगितलंत तर तुमच्या वाटचं काम ऐन वेळी कुणावर तरी पडतं, आणि बहुतेक वेळा ती कुणीतरी मीच असते.